कॅम्पर व्हॅनच्या बॅटरीसाठी केबल किती जाड घ्यावी?

पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्या, राहण्याच्या भागातल्या बॅटरीवर १३.१. इंजिन चालू, रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच) लागलेला, आणि दोन बॅटऱ्यांच्या मध्ये सहा मीटर केबल. पहिल्या व्हॅनचं वायरिंग मी स्वतः केलं तेव्हाचे हे आकडे. केबल चांगली करंगळीएवढी जाड होती. ती तापत नव्हती, फ्यूज उडत नव्हता, त्यामुळे सगळं बरोबरच जमलंय असं मी धरून चाललो होतो. फक्त सहा सहा तास गाडी चालवूनही मागची बॅटरी भरत नव्हती. बॅटरीच खराब निघाली म्हणून मी ती परत करायला गेलो, हुज्जत घातली. बॅटरीत काही दोष नव्हता. १.१ व्होल्ट वाटेतच गळत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: ही वायर किती अँपिअर सोसते? नवीन माणूस हेच विचारतो, आणि दुकानातही त्याला याचंच उत्तर मिळतं. पण १२ व्होल्टच्या गाडीत विचारायला हवं ते वेगळंच: एवढ्या लांबीवर ही वायर किती व्होल्ट खाते? घरात २३० व्होल्टमधला एखादा व्होल्ट कमी झाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं मात्र सगळं जगणंच एका व्होल्टच्या आत चालतं. भरून शांत बसलेली बॅटरी १२.७ दाखवते आणि निम्मी रिकामी झालेली साधारण १२.२. चार्जिंगलाही तिला १४.४ च्या आसपास व्होल्टेज लागतं. १३.१ वर ती कुरकुरत, थोडा थोडा करंट घेत राहते.

ती कधीच भरत नाही असं मात्र नाही. बॅटरी भरत आली की करंट उतरतो, करंट उतरला की वायरीतला ड्रॉपही (वायरीने खाल्लेले व्होल्ट) उतरतो, आणि मागचं व्होल्टेज हळूहळू वर येतं. पण त्याला इतका वेळ लागतो की तोवर आपण मुक्कामाला पोचून इंजिन बंद केलेलं असतं. असं रोज अर्धपोटी राहिलं की लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तिचं आयुष्य घटतं.

पायरी १: मधे रिले आहे की डीसी-डीसी चार्जर, ते आधी ठरवा

केबलची निवड इथूनच दोन वाटांना फुटते. साधा स्प्लिट-चार्ज रिले किंवा व्होल्टेज बघून लागणारा रिले फक्त दोन बॅटऱ्या जोडतो. पुढे जेवढे व्होल्ट, त्यातून केबलने खाल्लेले वजा केले की उरतील तेवढे मागे. अशा जोडणीत केबलची कंजुषी थेट बॅटरीला भोवते.

डीसी-डीसी चार्जर कमी व्होल्टेज घेऊन स्वतः वाढवतो आणि बॅटरीला हवं तेवढंच देतो. म्हणजे त्याच्या आधीच्या केबलमध्ये थोडा ड्रॉप झाला तरी तो भरून काढतो. नंतरच्या केबलमधला ड्रॉप मात्र त्याच्या हातात नाही. म्हणून हा चार्जर नेहमी मागच्या बॅटरीजवळ बसवायचा: लांब केबल त्याच्या आधी, आखूड केबल त्याच्या नंतर. जागा मोकळी आहे म्हणून इंजिनाच्या खणात चार्जर बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तिथे तो उष्णतेतही भाजतो आणि सहा मीटरचा ड्रॉपही बॅटरीच्या माथी मारतो.

तुमच्या गाडीत स्मार्ट अल्टरनेटर असेल (अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र; स्मार्ट असेल तर इंधन वाचवण्यासाठी तो मधूनमधून व्होल्टेज खाली आणतो) किंवा मागची बॅटरी लिथियमची असेल, तर रिलेचा विचार सोडा आणि डीसी-डीसी चार्जरच घ्या. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे नुसत्या रिलेवर ती अल्टरनेटरकडून ओढता येईल तेवढं ओढते आणि अल्टरनेटर तापतो.

पायरी २: खरा करंट किती

चार्जरच्या डब्यावर ३० अँपिअर लिहिलंय म्हणून केबल ३० अँपिअरची धरायची नाही. तो ३० आकडा बाहेर पडणाऱ्या करंटचा असतो. ३० अँपिअर १४.४ व्होल्टला म्हणजे ४३२ वॅट. चार्जर स्वतः दहाएक टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे आत यायला हवेत ४८० वॅट. समोरून येणारं व्होल्टेज १२.५ असेल तर ३८ अँपिअर झाले. आधीच्या केबलचा हिशोब ४० अँपिअरने करा.

यात एक गंमत आहे. चार्जर ठरलेले वॅट घेणारच, तेव्हा केबलने व्होल्ट खाल्ले की तो जास्त अँपिअर ओढतो, आणि जास्त अँपिअर गेले की केबल आणखी व्होल्ट खाते. बारीक केबल अशी स्वतःच स्वतःला खड्ड्यात नेते. शेवटी चार्जरला वाटतं की पुढची बॅटरी उतरली, तो बंद पडतो. बंद पडला की व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा चालू होतो. दर मिनिटाला चालू-बंद होणारा चार्जर दिसला की चार्जरवर संशय घेण्याआधी केबल बघा.

रिलेच्या बाबतीत करंट आधी सांगता येत नाही. बॅटरी किती रिकामी आहे आणि अल्टरनेटर किती देऊ शकतो यावर ते ठरतं. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्मी उतरलेली असताना ३० ते ४० अँपिअर सहज घेते, एवढं धरून चाला.

पायरी ३: सुतळी घेऊन गाडीत उतरा

लांबी नजरेने ठरवू नका आणि गाडीच्या लांबीवरूनही नको. पुढच्या बॅटरीपासून सुतळी लावत निघा: बॉनेटखालून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) भोकातून, दाराच्या पट्टीखालून, चाकाच्या कमानीला वळसा घालून थेट मागच्या जागेपर्यंत. केबल जिथे वळणार तिथे सुतळीही वळवा. मग ती सुतळी जमिनीवर सरळ करून मोजा आणि अर्धा मीटर वर धरा. साडेतीन मीटर अंतर वाटलेली वाट साडेपाच मीटरची निघते.

आता त्याची दुप्पट करा. करंट जातो तसा परतही येतो. निगेटिव्हची वेगळी केबल ओढणार असाल तर तिची लांबीही हिशोबात आलीच. गाडीच्या बॉडीतून परत आणणार असाल तर बॉडीचं पोलाद इतकं रुंद असतं की त्याचा रोध फारसा नसतो. खरं दुखणं बोल्टच्या जागेचं. रंगावर घट्ट केलेला थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं, बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) म्हणजे मधे घातलेला पडदाच. रंग खरवडून धातू उघडा करायचा, बोल्ट घट्ट करायचा आणि नंतर वरून गंजरोधक लावायचं, या क्रमाने. मला स्वतःला वेगळी निगेटिव्ह केबल आवडते. खर्च वाढतो, पण पाच वर्षांनी गंजलेला बोल्ट शोधत गाडीखाली झोपावं लागत नाही.

पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर छोटा सेन्सरचा डबा बसवलेला दिसला तर तुमची निगेटिव्ह थेट टोकावर लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला लावा. नाहीतर तुमचा करंट त्याला चुकवून जातो आणि गाडीच्या कॉम्प्युटरचा बॅटरीचा हिशोब बिघडतो.

पायरी ४: गणित, एकदाच

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१८ ओहम. गार तारेत तो किंचित कमी असतो, तापलेल्या तारेत वाढतो, पण आपल्या कामाला एवढा आकडा पुरे. ड्रॉप काढायचा तो असा:

जाऊन-येऊन लांबी × अँपिअर × ०.०१८ ÷ जाडी चौरस मिमीमध्ये

सुतळीने सहा मीटर दाखवले, म्हणजे जाऊन-येऊन १२. करंट ४०. वरचा गुणाकार ८.६४ येतो. आता फक्त जाडीने भागत जा. ६ चौरस मिमीला १.४४ व्होल्ट, १० ला ०.८६, १६ ला ०.५४, २५ ला ०.३५, ३५ ला ०.२५. कोणती घ्यायची ते या पाच आकड्यांत दिसतंच. ६ ची केबल जळेल का? मोकळ्या हवेत कदाचित नाही. पण चार्जर नीट चालेल का? नाही.

किती ड्रॉप चालेल याचा माझा ठोकताळा असा. मधे रिले असेल तर तीन टक्के, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६, वरच्या उदाहरणात २५ चौरस मिमी. डीसी-डीसी चार्जरच्या आधी पाच टक्क्यांपर्यंत जाऊ देतो, म्हणजे ०.६, इथे १६ पुरते. चार्जर ते मागची बॅटरी या आखूड तुकड्यात मात्र मी ०.१ व्होल्टच्या वर जात नाही. एक मीटर अंतर, ३० अँपिअर, १० ची केबल धरली तर ०.१०८ येतात, म्हणजे थोडक्यात हुकते. १६ ची केबल आणलेलीच असते, तिचाच तुकडा इथेही लावायचा.

०.८६ व्होल्ट आणि ४० अँपिअर म्हणजे ३४ वॅट. एक सोल्डरिंग आयर्न केबलभर पसरून ठेवल्यासारखं. म्हणूनच केबल हाताला तापलेली लागत नाही आणि आपण फसतो.

गाडी २४ व्होल्टची असेल तर तेवढ्याच वॅटना करंट निम्मा होतो आणि टक्केवारीची मर्यादा दुप्पट व्होल्टची मिळते. त्याच टक्केवारीसाठी चौथाई जाडी पुरते. मात्र तेव्हा केबल तेवढा करंट सोसते का हे वेगळं तपासायचं.

पायरी ५: विकत घेताना डोळे उघडे

पहिला गोंधळ 'एमएम'चा. ६ चौरस मिमी हे तांब्याचं क्षेत्रफळ. पण काही वाहन-केबलींवर लिहिलेले ६ मिमी म्हणजे प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास असतो, आणि आत तांबं जेमतेम साडेचार चौरस मिमी. बोलताना सगळेच 'चौरस' गाळतात. पाकिटावर क्षेत्रफळ लिहिलेलं नसेल तर ती केबल घेऊ नका. अमेरिकन गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी केबल जाड: ८ गेज म्हणजे ८.४ चौरस मिमी, ६ म्हणजे १३.३, ४ म्हणजे २१.२, २ म्हणजे ३३.६. म्हणजे १६ च्या जागी ६ गेज कमी पडते, ४ गेज घ्यावी लागते.

दुसरा गोंधळ मला महागात पडला. माझ्या त्या करंगळीएवढ्या केबलवर १० लिहिलं होतं. १० चौरस मिमी तांब्यातून ३० अँपिअर १२ मीटर नेले तर ड्रॉप ०.६५ यायला हवा, माझ्याकडे १.१ येत होता. शेवटी एक टोक सोलून ब्लेडने एक तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेतं, म्हणजे माझी १० ची केबल प्रत्यक्षात सहाची होती. शिवाय ॲल्युमिनियम थिंबलमध्ये दाबलं की हळूहळू ढिलं पडतं, ओल लागली की गंजतं.

याच्या उलट दिसलं तर घाबरू नका: बाहेरून पांढरी आणि खरवडल्यावर आत लाल निघाली तर ते कथील चढवलेलं तांबं. ते उत्तम, दमट हवेत तर साध्या तांब्यापेक्षाही उत्तम.

ब्लेड चालवायची सोय नसेल तर तराजू आहे. १० चौरस मिमीच्या एक मीटर तांब्याचं वजन, वरचं प्लास्टिक सोडून, ९० ग्रॅमच्या आसपास. १६ चं १४० च्या आसपास. मुलाम्याची केबल याच्या निम्मीही भरत नाही.

मग तारांची संख्या. घराच्या भिंतीत चालणारी एकसंध किंवा मोजक्या जाड तारांची वायर गाडीत नको. गाडी हादरते, आणि जाड तार वाकून वाकून तुटते. बारीक तारांची, हातात सहज वळणारी फ्लेक्सिबल केबल घ्या. आवरण किती तापमानाचं तेही बघा: साधं पीव्हीसी बहुधा ७० अंशांचं असतं, वाहनांसाठीच्या चांगल्या पातळ आवरणाच्या केबली १०५ अंशांपर्यंतच्या मिळतात. इंजिनाच्या खणातून जाणारा भाग असेल तर ही १०५ अंशांचीच घ्या.

पायरी ६: फ्यूज वायरीसाठी असतो

चार्जरला वाचवायला फ्यूज, असं खूप जण समजतात. नाही. चार्जर स्वतःला सांभाळतो. फ्यूज असतो केबल घासून बॉडीला टेकली तर तिने पेट घेऊ नये म्हणून. म्हणून फ्यूजचा आकडा दोन भिंतींच्या मधे बसायला हवा: नेहमीच्या करंटपेक्षा पाव पट तरी जास्त, आणि केबल जेवढा सोसते त्याच्या खाली. आपल्या उदाहरणात ४० चे सव्वापट ५०, आणि वाहनांसाठीची चांगली १६ ची केबल १०० च्या आसपास सोसते (तुमच्या केबलचा आकडा तिच्याच तक्त्यात बघा, एकत्र बांधलेल्या किंवा नळीत कोंबलेल्या केबली कमी सोसतात). मी ६० चा लावतो.

आणि दोन लावतो. या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधेच केबल शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट धावत येणार. पुढचा फ्यूज उडाला तरी मागची बॅटरी आग पेटवायला पुरते. प्रत्येक फ्यूज आपापल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत. त्या वीतभर तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून त्याला वरून जास्तीची नळी चढवा.

बोल्टने बसणारे मिडी किंवा मेगा फ्यूज वापरा. टोचून बसणारे पात्यांचे फ्यूज तासन्‌तास ४० अँपिअरला धरले की पकडीशी तापून प्लास्टिक वितळवतात. लिथियम बॅटरीच्या तोंडाशी मुख्य फ्यूज क्लास टी प्रकारचा हवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यावर हजारो अँपिअर फेकते. साधा फ्यूज उडतो, पण आतली ठिणगी विझत नाही आणि करंट तसाच वाहत राहतो.

पायरी ७: थिंबल

उत्तम केबल घेऊन पकडीने चेपलेला थिंबल लावणं म्हणजे सगळा हिशोब पाण्यात. थिंबल केबलच्या मापाचा, भोक बोल्टच्या मापाचं, आणि दाबायला षटकोनी साच्याचं क्रिम्पिंग टूल. हातोडी नको. नुसतं सोल्डरही नको: सोल्डर तारांमधून वर चढतं, केबल तिथे काडीसारखी कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. दाबून झाल्यावर केबल पायाखाली धरून थिंबल जोरात ओढा. सुटला तर बरंच झालं, घरी सुटला. मग वरून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी.

लावताना थिंबल थेट बॅटरीच्या किंवा फ्यूजच्या पितळी पृष्ठभागावर टेकवा. वॉशर त्याच्या वर, मग नट. वॉशर खाली गेला तर सगळा करंट पोलादी चकतीतून जातो आणि तो सांधा तापतो. फोटोत ही चूक पटकन दिसत नाही, हात लावला की कळते.

पायरी ८: केबलची वाट

सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, इंधनाच्या नळीपासून वेगळी. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेने केबल घासू न देणारं कडं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. उघड्या भागावर नालीदार नळी, आणि वीत-दीड वीतीवर क्लिप. चार्जरला इग्निशनची बारीक वायर लागते, तिला १ किंवा १.५ चौरस मिमी पुरते, छोट्या फ्यूजसकट. जोडताना पुढच्या बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि सर्वांत शेवटी लावा.

सोलरलाही हाच हिशोब. पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधला चार्ज कंट्रोलर बॅटरीजवळ, आणि कंट्रोलर ते बॅटरी ही केबल जाड. पॅनेलकडून येणारं व्होल्टेज जास्त, करंट कमी, म्हणून वरची वायर बारीक चालते. बाहेरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरची बॅटरीकडची बाजू याच सूत्राने काढा, मेन्सची बाजू जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे सोपवा.

पायरी ९: कागदावरचं गाडीत उतरलं का

मागची बॅटरी बरीच उतरवून ठेवा, म्हणजे चार्जर पूर्ण जोरात चालेल. इंजिन चालू करा, दहा मिनिटं जाऊ द्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. लांब वायरचा एक तुकडा घेऊन काळा प्रोब पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापर्यंत वाढवा आणि लाल प्रोब चार्जरच्या पॉझिटिव्ह इनपुटवर टेकवा. मीटर जे दाखवेल, उणे असलं तरी, ते पॉझिटिव्ह केबल, फ्यूज आणि थिंबल मिळून खाल्लेले व्होल्ट. मग तसंच निगेटिव्हचं. दोन्हींची बेरीज तुमच्या ०.५४ शी ताडून बघा. फ्यूज आणि सांधे मिळून थोडं वर येणारच; ०.६ ते ०.६५ आलं तर मी समाधानी असतो. ०.९ आलं तर कुठला तरी सांधा खोटा आहे. तो शोधायला एकेका सांध्यावर आडवे प्रोब लावत जा. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्टच दिसतात.

अर्ध्या तासाने इंजिन बंद करून सांध्यांना हात लावा. केबल कोमट लागली तरी चालेल. एखादाच थिंबल शेजाऱ्यांपेक्षा गरम असेल तर तो काढून नवा दाबा.

मी मोजलेले आकडे तारखेसकट मास्किंग टेपवर लिहितो आणि ती टेप फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. सध्याच्या गाडीत ०.५९ लिहिलंय. महिन्याभराने नट पुन्हा एकदा आवळले, पुन्हा मोजलं, तर ०.५६ आले.